घरच्या कंप्युटर एम्ब्रॉयडरीचा हिशेब: आधी ठरवा, कापड कोणाचं

ताई, तुम्ही लिहिलंत त्याचा मथितार्थ असा: इंदूरला सुदामा नगरात घर आहे, ब्लाउज-दुपट्ट्यांवर हाताने भरतकाम करता, हाताशी गिऱ्हाइकं आहेत, आणि आता एका खोलीत कंप्युटर एम्ब्रॉयडरी मशीन बसवायचं आहे. जीएसटी लागेल का, इन्कम टॅक्स कसा भरायचा, दर कसा लावायचा, मशीन कोणतं घ्यायचं, ते टिकवायचं कसं आणि कर्ज कुठून मिळेल, हे तुमचे प्रश्न. मी इंदूरमध्येच हे काम बऱ्याच वर्षांपासून करते. उत्तर लांबणार आहे. अर्धवट माहितीवर मशीन घेऊन पुढे ते पडत्या भावात विकायला काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून नीट सांगते.

सुई ज्या कापडावर चालणार ते कापड कोणाचं, हे आधी ठरवा. शेजारच्या वहिनींनी आणलेला ब्लाउजपीस, परदेशीपुऱ्याच्या रेडिमेड कॉम्प्लेक्समधल्या व्यापाऱ्याने पाठवलेला गठ्ठा आणि तुम्ही स्वतः एम.टी. क्लॉथ मार्केटमधून आणलेला तागा, या तिन्हींवर तोच मोर काढलात तरी धंदा तीन प्रकारचा झाला. कर यावरून ठरतो, दर यावरून ठरतो, नुकसान कोणी सोसायचं तेही यावरूनच.

जीएसटीपासून सुरू करू. दुसऱ्याच्या मालावर काम करणं म्हणजे जॉबवर्क, आणि कायदा त्याला सेवा मानतो. स्वतःच्या कापडावर काम करून विकणं म्हणजे मालाची विक्री. मध्य प्रदेशात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत लागत नाही. इथे गफलत होते ती अशी की, बायका दोन्ही कामं करतात आणि ४० लाख धरून चालतात. जॉबवर्क आणि विक्री दोन्ही असेल तर दोन्हींची बेरीज करायची आणि मर्यादा २० लाखांचीच धरायची. तुमच्या पॅनवर दुसरा काही धंदा असेल तर तोही या बेरजेत येतो.

जॉबवर्कमध्ये तुमची उलाढाल म्हणजे फक्त तुमची मजुरी. व्यापाऱ्याने दोन लाखांच्या साड्या पाठवल्या आणि तुमचं बिल अठरा हजारांचं झालं, तर तुमच्या खात्यात अठरा हजारच मोजायचे. म्हणून एका मशीनवर घरी काम करणारी बाई २० लाखांच्या पुष्कळ आत राहते, आणि जीएसटीची भीती बाळगायचं कारण उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. पहिलं परराज्याचं. पुण्या-नाशिकला नातेवाईक असतात, फोटो पाहून ऑर्डरी येतात. तिथल्या व्यापाऱ्याचं कापड इथे आणून काम करून परत पाठवलंत तर ती सेवा, तिथे २० लाखांची सवलत चालते. पण स्वतःच्या कापडाचा मशीनवर केलेला माल मध्य प्रदेशाबाहेर विकलात, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी लागते. हाताने केलेल्या हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना काही अटींवर यातून सूट आहे, मशीनच्या कामाला ती सूट लावून घेऊ नका. दुसरं, नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. व्यापारी म्हणतो, ‘पाच टक्के टाकून द्या ना, मला क्रेडिट मिळेल.’ क्रेडिट म्हणजे तुम्हाला दिलेला कर त्याला स्वतःच्या करातून वजा करता येतो. पण स्पष्ट नाही म्हणा, तो गुन्हा आहे. क्रेडिट हवं असणारे मोठे व्यापारीच तुमचं मुख्य काम असतील तर स्वेच्छेने नोंदणी घ्या. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या कापडावरच्या जॉबवर्कला दर ५ टक्के आहे. स्वतः तयार कपडे विकलेत तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि नग त्याहून महाग असेल तर १८ टक्के. पण एकदा नंबर घेतला की काम नसलेल्या महिन्यांचंही रिटर्न भरावं लागतं, आणि शून्य रिटर्न उशिरा भरलं तरी दिवसाला २० रुपये लागतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नंबर घेऊ नका.

इन्कम टॅक्स सोपा आहे, ४४एडी नावाने ओळखली जाणारी अंदाजित उत्पन्नाची पद्धत तुम्हाला चालते. उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि जे पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले त्यांच्या किमान ६ टक्के नफा धरायचा, वह्या तपासून घ्यायची सक्ती नाही. आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा. आगाऊ कर भरावा लागत असेल तर तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ही पद्धत राहिली आहे. मात्र ६ टक्के हा कमीत कमी आकडा आहे. जॉबवर्कमध्ये कापड आपलं नसतं, त्यामुळे खरा नफा याहून कितीतरी जास्त निघतो. जो निघतो तोच दाखवा. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, मग लपवून मिळवायचं काय? उलट पुढे दुसऱ्या मशीनसाठी बँकेत गेलात की मॅनेजर हेच रिटर्न उघडून बसतो. या पद्धतीत मशीनचा घसारा वेगळा मिळत नाही, आणि एकदा पद्धत धरून मध्येच सोडली तर पाच वर्षं परत येता येत नाही.

मोठे व्यापारी बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने सरकारात भरायचा कर, कापतात, एका कामाचे ३० हजार किंवा वर्षाचे एक लाख ओलांडले की. त्यांना पॅन आधीच देऊन ठेवा, नाहीतर २० टक्के कापले जातील. कापलेले पैसे बुडत नाहीत, पण रिटर्न भरल्याशिवाय परतही येत नाहीत.

आता उधारी. आपलं गाव कापडाचं. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली, एकेक करून बाकीच्या मिलाही थांबल्या, पण कापड बाजाराचा व्यवहार आणि त्यातली उधारीची सवय गेली नाही. ‘दिवाळीनंतर हिसाब करू’ हे तुम्हाला ऐकावंच लागेल. यावर माझ्या माहितीतला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधारवर ऑनलाइन होते, फुकट होते, पैसे मागणारे दलाल टाळा. तुम्ही उद्यममध्ये सूक्ष्म उद्योग म्हणून आलात की, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदत चुकवली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद आहे. शिवाय २०२३-२४ पासून असा नियम आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या करात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च आला की त्याचा सीए स्वतःच त्याला तुमचे पैसे द्यायला लावतो. फक्त बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा. एका व्यापाऱ्याकडे माझी मोठी रक्कम बरेच महिने अडकली होती. बिलाच्या खाली क्रमांक आणि मुदत छापायला लागल्यापासून त्याच माणसाकडून पैसे वेळेवर येतात.

दराविषयी बोलू. बाजारात दर हजार टाक्यांवर बोलतात आणि नवीन बाई शेजारणीपेक्षा रुपया कमी सांगून काम घेते. आपला दर आपल्या तासातून काढायचा असतो. समजा मशीन चार लाखांचं, पाच वर्षं वापरायचं, म्हणजे वर्षाला ८० हजार. त्यावर देखभाल २४ हजार आणि व्याज २० हजार धरा. वर्षात २५० दिवस, दिवसाला खरे सहा तास, असे १,५०० तास. तासाला मशीन साधारण ८३ रुपये खातं. विजेचे चार-पाच आणि तुमची स्वतःची मजुरी १२० धरली तर तास २०७-२०८ रुपयांना पडतो. मशीनवर १,००० टाके मिनिटाला असं लिहिलेलं असतं, पण चांगल्या कामासाठी आपण ७०० वर चालवतो, आणि फ्रेम लावणं, रंग बदलणं, दोरा तुटणं यात तासाचा तिसरा हिस्सा जातो. हाताशी उरतात ३० हजारांच्या आत-बाहेर टाके. म्हणजे दोरा आणि कापडाखाली आधाराला लावायचा पेपर सोडून हजार टाक्यांना सात रुपये हा तुमचा खर्च झाला, नफा त्यापुढे. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

यात दोन गोष्टी दिसतात. दोऱ्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. हजार टाक्यांना वरचा दोरा साडेपाच-सहा मीटर लागतो, ५,००० मीटरचा एक कोन आठ लाखांहून जास्त टाके काढतो, तेव्हा दोरा चांगल्यातला घ्या. आणि लहान काम स्वस्त नसतं. शाळेच्या शर्टावरचं ४,००० टाक्यांचं चिन्ह सहा मिनिटांत निघतं, पण शर्ट फ्रेममध्ये सरळ बसवायला दोन-तीन मिनिटं जातात. म्हणून नगाला किमान दर ठेवायचा, टाके कितीही कमी असोत. पंचिंगचे, म्हणजे डिझाइनची फाइल बनवण्याचे पैसे वेगळे सांगा.

मशीन कोणतं, तर कामावरून. फक्त घरच्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज आणि फ्रॉक असतील तर एका सुईचं घरगुती मशीन पुरतं. हलकं असतं, वीज नगण्य, पण प्रत्येक रंगाला उठून दोरा बदलायचा आणि फ्रेम लहान. जॉबवर्क करायचं असेल तर एका हेडचं, म्हणजे एका वेळी एकच नग काढणारं, १२ किंवा १५ सुयांचं व्यावसायिक मशीन घ्या. टोपी आणि शिवलेली बाहीही त्यावर चढते. वजन भरपूर, म्हणून वरच्या मजल्यावरच्या पातळ स्लॅबवर मध्यभागी ठेवू नका, भिंतीलगत तुळईजवळ ठेवा आणि पायांखाली जाड रबर घाला, खालच्यांना झोपू द्यायचं असेल तर.

डीलरकडे फीचरची यादी ऐकण्याआधी तीन प्रश्न विचारा: दुरुस्तीवाला इंदूरमध्ये बसतो की बाहेरून येतो, रोटरी हुक आणि कंट्रोल कार्ड स्टॉकमध्ये आहे का, लग्नसराईत बिघडलं तर किती दिवसांत माणूस येईल. सेकंडहँड घेत असाल तर स्क्रीनवर एकूण टाक्यांचा काउंटर बघा, आणि आपली चाचणी फाइल न्या: एक वर्तुळ, एक भरीव चौकोन आणि त्याभोवती बाह्यरेषा, आणि ५ मिलिमीटरची अक्षरं. वर्तुळाची टोकं जुळली नाहीत किंवा बाह्यरेषा चौकोनापासून सुटली, तर फ्रेम चालवणाऱ्या यंत्रणेत ढिलाई आहे. विक्रेता चहा पाजत असला तरी उठून या.

मशीन जपणं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्या बहुतेक मशिनी मरतात त्या हुकपाशी. खाली बॉबिनभोवती फिरतो तो रोटरी हुक, मिनिटाला ७०० टाक्यांना मिनिटाला हजाराहून जास्त फेरे. तिथे दोऱ्याच्या तंतूंची लोकर साचते, तेल सुकतं आणि धातू घासतो. व्यावसायिक मशीनला दर चार-पाच तास चालवल्यावर हुकच्या धावेवर तेलाचा एक थेंब. थेंब म्हणजे थेंब, जास्त तेल पुढच्या साडीवर उतरतं. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेलच वापरा. खोबरेल किंवा घरातलं दुसरं कोणतंही तेल चिकट होऊन बसतं. तेल दिल्यावर जुन्या कापडावर दोन मिनिटं चालवून घ्या, मगच गिऱ्हाइकाचं कापड चढवा. घरगुती मशीनला मात्र पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल द्या, काहींना अजिबात द्यायचं नसतं.

लोकर ब्रशने काढा, तोंडाने किंवा ब्लोअरने फुंकू नका, ती आतल्या पट्ट्यांत आणि सेन्सरवर जाऊन बसते. बॉबिनच्या डबीच्या पत्तीखाली कचरा अडकला की खालचा ताण ढिला पडतो, तिथून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून काढा. ताण बघायला दोऱ्याने डबी लटकवा. आपोआप घसरत खाली आली तर ढिली, हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर बरोबर, हललीच नाही तर घट्ट. मग सॅटिनच्या टाक्याची पट्टी काढून उलटी करा. मधल्या एक तृतीयांशात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना रंगीत दिसला की ताण जमला.

दोरा तुटायला लागला की नवीन माणूस ताणाच्या चकत्या फिरवत बसतो आणि सगळंच बिघडवून ठेवतो. क्रम असा ठेवा: आधी दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. मग सुई बदला. सुईची खाच मागच्या बाजूला आहे ना, पूर्ण वर बसली आहे ना, हे बघा. सुई काचेवर लोळवली की वाकडेपणा दिसतो. सतत चालणाऱ्या मशीनला आठेक तासांनी सुई बदलावी, सुई स्वस्त आहे, साडी नाही. त्यानंतर ताण. तरीही एकाच जागी तुटत असेल तर फाइल बघा, तिथे टाके एकावर एक पडले असतील. आणि सगळीकडे तुटत असेल तर हुकच्या टोकावरून नख फिरवा. ओरखडा लागला तर तो घासून गुळगुळीत करणं आणि हुकचं टायमिंग बसवणं दुरुस्तीवाल्याचं काम आहे. तिथे स्वतः पेचकस लावू नका.

सुया ७५/११ च्या रोज चालतात. होजियरी कापडाला गोल टोकाची, लहान अक्षरांना ६५/९ आणि पातळ ६० नंबरचा दोरा. जरीला ९०/१४, वेग ५००-६०० वर आणि रीळ मशीनपासून लांब, म्हणजे पीळ सुटायला जागा मिळते.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात तिसरी पिन नुसती शोभेची असते, आणि कंट्रोल कार्ड जळण्यामागे बऱ्याचदा तेच असतं. स्टॅबिलायझर आणि लहान यूपीएस लावा, वीज गेली तर सुई कापडातून बाहेर येऊन मशीन नीट थांबलं पाहिजे. घरच्या मीटरवर किती काम चालतं, हे वीज कंपनीच्या झोन ऑफिसला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात रेयॉनचा दोरा कडक होऊन तुटतो, पावसाळ्यात कागदी पेपर ओल धरतो, दोन्ही झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि रंगपंचमीला घर गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, वाटेवर किंवा आसपास असेल तर आदल्या रात्री मशीन आणि तयार माल दोन्ही प्लास्टिकमध्ये बांधा, खिडक्या बंद असल्या तरी. गुलाल हवेतून कुठेही शिरतो आणि तेलात मिसळला की हुकमधून निघत नाही.

पंचिंग हळूहळू शिकाच. मशीनला देतो त्या डीएसटी फाइलमध्ये फक्त सुईच्या हालचाली असतात, रंग नसतात, आणि ती १० टक्क्यांहून जास्त लहान-मोठी केली की टाके दाटतात किंवा विरतात. मूळ बदलता येणारी फाइल पंचिंगवाल्याकडून मागून घ्या. शिकायला इंकस्टिच हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आपल्याकडे महेश्वरी आणि चंदेरी पुष्कळ येते, त्यावर बनारसीसाठी काढलेली दाट फाइल लावलीत की कापड चुरगळून गोळा होतं. टाक्यांतलं अंतर नेहमीच्या ०.४ मिलिमीटरवरून वाढवा, भरीव पानाऐवजी रेषेचं पान घ्या, खाली मऊ पेपर लावा. फ्रेमच्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, नाहीतर रेशमावर वळ उठतो. कंपन्यांचे लोगो आणि कार्टूनची पात्रं मालकाच्या लेखी ऑर्डरशिवाय काढू नका. शाळेच्या चिन्हाचंही तेच.

पुन्हा कापडाकडे येते. दुसऱ्याचं कापड हातात घेताना उघडून, उजेडात, देणाऱ्यासमोर बघा. डाग, विरलेला धागा, कमी मीटर, जे असेल ते पावतीवर लिहा आणि सही घ्या. व्यापाऱ्याकडून डिलिव्हरी चलन, म्हणजे माल पाठवल्याचा कागद, घेतल्याशिवाय गठ्ठा घरात घेऊ नका. नगाचा नमुना व्यापाऱ्याकडून मंजूर करून घ्या आणि त्यावर तारीख टाकून ठेवा. मोठ्या लॉटमध्ये किती नग खराब धरायचे ते आधीच कागदावर ठरवा. एक पैठणी बिघडली तर तुमची महिन्याची मजुरी जाते, म्हणून जुन्या, आजीच्या ठेवणीतल्या साडीवर मशीन चालवायला मी सरळ नकार देते. ते काम तुमच्या हाताचं आहे, आणि त्याचा दर हाताचाच घ्या.

कर्जाबद्दल. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि पाच लाखांपर्यंत किशोर, एका हेडच्या मशीनला किशोर पुरतं. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, शहरातल्या महिलेला स्वतःचे ५ टक्के घालून प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान अशी रचना आहे, पण ती फक्त नव्या उद्योगाला. मशीन आधी आणून कामाला लावलंत तर तुम्ही जुन्या ठरता. त्यामुळे डीलरकडून सध्या फक्त कोटेशन घ्या, बयाणा देऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अर्ज घेणं चालू आहे का ते विचारा, आणि जाताना पॅन, मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि तुमच्या हातच्या कामाचे चार चांगले नमुने सोबत न्या.